आईला कर्करोगाचे निदान सांगू नका, अशी अट मुंबईतील डॉक्टरांना घालता येते का?

विनंती करता येते, अट घालता येत नाही. आई शुद्धीत आणि निर्णय घेण्यास सक्षम असेल, तर शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही तिचीच लागते आणि कशासाठी सही करत आहोत हे तिला ठाऊक असावे लागते. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने, सज्ञान रुग्ण तात्पुरती भुलीखाली असताना गर्भाशय काढण्यासाठी तिच्या आईकडून घेतलेली संमती अग्राह्य ठरवली, कारण जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य होते. तरीही २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आजाराची माहिती ज्यांना असावी त्यांच्यात रुग्णाबरोबर नातेवाईकही धरले आहेत, त्यामुळे ‘आजी, तुम्ही जरा बाहेर बसा’ म्हणून मुलाच्या हाती रिपोर्ट देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते; मला ती रुग्णावर अन्याय करणारी वाटते. मात्र आईने स्वतःच ‘मला काही सांगू नका, मुलगा बघेल’ असे म्हटले, तर तो तिचा निर्णय आहे आणि त्याचा मान राखावा. म्हणून किती जाणून घ्यायचे आहे, हे डॉक्टरांनी आधी तिलाच विचारावे.