माळ हातात घेतली की रडू येतं

प्रश्न : लग्नाला ९ वर्षं झाली, मूल नाही. उपचार सुरू आहेत. आधी रोज हरिपाठ, ११ माळा, महिन्याच्या दोन्ही एकादश्या करत होते. आता माळ घेतली की रडू येतं, देवाचा राग येतो. सगळंच सुटलंय. पुन्हा सुरुवात कशी करू?

उत्तर : ताई, ११ माळा म्हणजे रोज १,१८८ वेळा नाम, आणि प्रत्येक मण्यामागे एकच मागणं. महिना सरला की त्या नामाचा हिशेब मांडला जातो, मग माळच नकोशी होते. आता रोज एकच माळ करा. वेळ ठरलेली हवी, जागा अंथरुणातली असली तरी चालेल. मणी मधल्या बोटावर घेऊन अंगठ्यानं ओढायचा. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवायची. सावकाश म्हटलं तरी पाच-सहा मिनिटं लागतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन माळा करून भरपाई करू नका. थकबाकी चढायला लागली की नेम मोडतो.

ज्ञानोबांच्या हरिपाठाचे २७ अभंग एका बैठकीत होत नसतील तर रोज एकच म्हणा. पहिल्यात तर देवाच्या दारी क्षणभर उभं राहायचंच सांगितलंय.

राग मात्र गिळू नका, देवालाच सांगा. तुकोबांच्या ‘भेटीलागी जीवा’मध्ये दिवाळीला माहेरचं मूळ, म्हणजे न्यायला माणूस, येईल म्हणून लेक वाटेकडे डोळे लावून बसलीय. ज्याच्यावर हक्क वाटतो, त्याच्याचकडे माणूस असा हट्ट धरतो. चोखोबांना तर देवळात पाऊल ठेवू दिलं नाही, तरी त्यांची गाऱ्हाणी विठोबाकडेच गेली.

रिपोर्ट यायचा असेल त्या दिवशी माळ सकाळीच, फोन येण्याआधी करा. निकाल काहीही लागो, तुमच्या नेमात खोट होती म्हणून तो तसा आला, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. ते खरं नाही. इंजेक्शनं, गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकादशी धरू नका, निर्जळी तर नकोच. त्या दिवशी जेवून नाम घ्या.

जवळच्या देवळात संध्याकाळी हरिपाठ होत असेल तर आठवड्यातून एकदा जाऊन मागे बसा. टाळ चालू असताना तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही, तरी बाकीचे म्हणत असतात.