लिव्हरसाठी हळद चांगली, मग हळदीची गोळी का नको?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मिस्टरांचं (वय ४६) ऑफिसचं चेकअप झालं त्यात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ आलंय, एसजीपीटी (रक्तातली लिव्हरची तपासणी) ६८, वजन ८४ किलो. ड्रिंक्स अजिबात घेत नाहीत. जाऊबाईंनी हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्यात, त्यात काळी मिरीपण आहे म्हणे, आणि सासूबाई रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतात. अंड्यातला बलक बंद केला, कॉफी बंद केली. बरोबर चाललंय ना? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, खरं सांगू, मला रिपोर्टपेक्षा त्या कॅप्सूल आणि काढ्याची जास्त काळजी वाटली. दोन्ही आजच थांबवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा कॅप्सूलची डबी सोबत न्या, कारण एसजीपीटी वाढायला ती कारण आहे का हे त्यांनाच बघावं लागेल.

हळद वाईट नाहीच हो. तिच्यातलं कर्क्युमिन सूज कमी करतं असं दिसलंय. पण हिशोब बघा. आपण भाजीच्या फोडणीत अर्धा चमचा हळद टाकतो, म्हणजे साधारण दीड ग्रॅम, त्यात कर्क्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४५ मिलीग्रॅम, आणि ते पण घरातल्या चार माणसांत वाटलं जातं, वर त्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं. बऱ्याच कॅप्सूलमध्ये एकेका गोळीत ५०० मिलीग्रॅम असतं. त्यात मिरीतलं पिपेरीन घातलं की ते शरीरात कितीतरी जास्त शोषलं जातं, १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी माणसांवर मोजलं तेव्हा ही वाढ २००० टक्के निघाली होती. जे लिव्हरपर्यंत चिमूटभर पोचायचं ते एकदम लोंढ्यासारखं पोचतं आणि काही जणांच्या लिव्हरला ते सोसत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झालेले १० पेशंट मांडले, त्यातला एक दगावला.

गुळवेलीचंही तसंच. कोरोनाच्या काळात घरोघरी काढे सुरू झाले आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेले ६ पेशंट नोंदवले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल. असेलही, पण सासूबाईंनी आणलेली वेल नक्की कुठली हे आपण स्वयंपाकघरात कसं ओळखणार? सासूबाईंना दुखवू नका, त्या मायेनेच देतात, त्यांना सांगा की तेवढ्याच मायेने सकाळी मुळ्याची कोशिंबीर करून द्या. मुळा, कोबी, फ्लॉवर या भाज्या चिरल्या-चावल्या की त्यातून सल्फोराफेनसारखे पदार्थ तयार होतात, ते लिव्हरच्या विष निकामी करणाऱ्या एन्झाइमना कामाला लावतात. मात्र कोबी कुकरला लावून लगदा केला तर हे घडवणारं एन्झाइमच मरतं, म्हणून पचडी करा नाहीतर झाकण न ठेवता पटकन परता.

बलक परत सुरू करा! एका अंड्यात साधारण १५० मिलीग्रॅम कोलीन असतं आणि ते सगळं बलकातच. लिव्हरमधली चरबी बाहेर नेण्यासाठी कोलीन लागतंच, ते कमी पडलं तर उलट चरबी साठते. पुरुषाला दिवसाला ५५० मिलीग्रॅम लागतं. (कोलेस्ट्रॉल जास्त असेल तर रोज किती अंडी हे डॉक्टरांना विचारा.) कॉफी बंद केलीत याचं तर मला वाईटच वाटलं, कारण रोज दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हर कडक होण्याचं प्रमाण कमी असल्याचं अनेक देशांत परत परत दिसलंय. बिनसाखरेची द्या, झोप आणि बीपी ठीक असेल तर.

आणि मुख्य औषध वजन. ७ टक्के म्हणजे त्यांच्या बाबतीत ६ किलो उतरलं तरी लिव्हरची चरबी आणि सूज दोन्ही उतरतात. चहातली साखर, कोल्ड्रिंक आणि ऑफिसातल्या फरसाणापासून सुरुवात करा. मधेच लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न: पावसाळ्यात शेंगदाण्यांना थोडी बुरशी येते, निवडून, खरपूस भाजून कूट केलं तर चालेल का? – एक वाचक, नगर

उत्तर: नाही चालणार. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष थेट लिव्हरवर जातं आणि भाजून पूर्ण जात नाही. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी धरलेला मका खाऊन कावीळ पसरली, १०० च्या वर माणसं गेली, तेच अन्न खाणारी घरातली कुत्रीसुद्धा आजारी पडली. हिरवट-काळे डाग, सुरकुतलेला दाणा, कडवट चव, असं काही दिसलं तर ते शेंगदाणे सरळ टाका, गुराढोरांनापण घालू नका. पावसाळ्यात एकदम पाच किलो भरू नका, आठवड्यापुरते आणा आणि कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवा.