डोकं बसवण्याआधी

प्रिय मुली,

काल फोनवर तुझा आवाज कापत होता, म्हणून लिहायला बसलो. प्रदर्शन पंधरा दिवसांवर, भाजलेल्या मातीची ताम्रपाषाणयुगीन मूर्ती बिनडोक्याची, आणि साहेब म्हणतात, "लोकांना कळत नाही, डोकं बसवून टाका."

बिनडोक्याची म्हणजे तुटलेलीच, हे तू काहून धरून चाललीस? पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात सापडलेली कच्च्या मातीची देवी घडवलीच बिनशिराची. तिच्या पोटाला भोक, सोबतच्या बैलाच्या पाठीलाही भोक; काडी घालून तिला बैलावर बसवत असावेत. तीन हजार वर्षांपूर्वी ज्यानं डोकं दिलं नाही, त्याच्यापेक्षा साहेबांना जास्त कळतं का?

काढता येईल तेच लाव. पॅरालॉइड बी-७२ या गोंदानं जोडलेलं ॲसिटोनने सुटतं. ॲरल्डाइट सुटत नाही. ओढायला जावं तर माती सोबत येते, कारण गोंद मातीपेक्षा चिवट. हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका मातीच्या बैलाचा मागचा पाय ॲरल्डाइटने चिकटवला, तोही किंचित वाकडा. आज सांधा पिवळा पडलाय. पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते, वरून फोनवर फोन, भांडारात दुसरं काही नव्हतं... जाऊ दे. पाय सुटाच ठेवून शेजारी मांडता आला असता. मला तो बैल उभा दाखवायचा होता, एवढंच.

म्हणून पुन्हा सांगतो, काढता येईल तेच लाव. डोकं दाखवायचंच असेल तर शेजारी कागदावर रेखाचित्र लाव, खाली लिही की हा अंदाज आहे. साहेब चिडतील. चिडू दे बाप्पा, ते निवृत्त होतील, मूर्ती होणार नाही.

आणि दालनातला तो कूलर आधी बंद कर! मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय जीव जातो, कबूल. पण दिवसभर ओल, रात्री पुन्हा कोरडं. मातीतले क्षार विरघळतात, पृष्ठभागावर येऊन त्यांचे स्फटिक होतात आणि पापुद्रे सुटतात. पाहुण्यांना हातपंखे वाट.

रविवारी घरी ये. मूर्तीचे फोटो आण, एका बाजूनं तिरपा उजेड टाकून काढलेले. मानेची कड तुटलेली आहे की बोटानं गुळगुळीत केलेली, ते मला बघायचंय.

तुझा,
काका