अँटिबायोटिक घेऊनही हिरड्यांतून रक्त येणं का थांबत नाही?

तुम्ही लिहिलंय की मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, आठवडाभर बरं वाटलं आणि पुन्हा ब्रश लाल. माउथवॉशही झाला. दात साफ करून घ्यावेत, तर शेजारी म्हणतात दात हलायला लागतात. मी दातांचा डॉक्टर आहे. खिशात अर्धी संपलेली स्ट्रिप घेऊन येणारे पेशंट हीच हकीकत सांगतात.

गोळी खोटी नव्हती, ती पोचलीच नाही. माठ आठ दिवस घासला नाही की आतून बुळबुळीत लागतो. नुसतं पाणी फिरवून ते जात नाही, काथ्याच लागतो. दातावरचा थर तसाच. नाना जातींचे जिवाणू स्वतःच बनवलेल्या चिकट पदार्थात एकमेकांना धरून बसतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. औषध बरंचसं वरच अडकतं, आणि तळातले जिवाणू इतके सुस्त पडलेले असतात की त्यांच्यावर ते फारसं चालत नाही.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूकने १६८३ च्या सुमारास आपल्याच दातांवरचं किटण भिंगाखाली धरलं, तर आत जीव वळवळत होते. मग व्हिनेगरने चूळ भरून बघितली. वरवरचे मेले, आतले तसेच. डॉक्टर नव्हे, कापडाचा व्यापारी होता बुवा! माउथवॉशचं उत्तर त्यातच आलं.

हिरडी आणि दात यांच्यातली फट निरोगी माणसात १ ते ३ मिमी असते. आम्ही ती खुणा असलेल्या बारीक प्रोबने मोजतो: तीन, दोन, तीन, सहा... त्या सहाच्या तळाशी ऑक्सिजन जेमतेम, आणि पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जिवाणूंना तेच हवं असतं. तिथे ना ब्रश जातो ना चूळ. म्हणून स्केलिंग, म्हणजे किटण काढणं, आणि मुळं खरवडणं. आतून निघालेला काळपट, तांदळाच्या कणीएवढा तुकडा मी गॉजवर ठेवून पेशंटला मुद्दाम दाखवतो. नंतर कोणी शेजाऱ्याचं नाव काढत नाही. दात हलतो तो हाड आधीच झिजल्यामुळे; किटणाने तो आवळून धरलेला असतो, किटण निघालं की हलणं जाणवतं इतकंच.

दोन-तीन महिन्यांनी फटी पुन्हा मोजायच्या. खोल राहिल्या आणि रक्त येत असेल तर फ्लॅप सर्जरीचा, म्हणजे हिरडी उघडून आतून साफ करण्याचा विचार. अँटिबायोटिक काही जणांना देतो, पण खरवडण्याच्या जोडीला. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दोनेक आठवडे पुरे, पुढे दात तपकिरी पडतात.

घरी मात्र रोजचा काथ्या तुमच्याच हाती: दोन दातांमधल्या जागेसाठी इंटरडेंटल ब्रश. १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ निरोगी लोकांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या.

साखर तपासून घ्या; डायबेटिस ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर भरत नाहीत. आणि घरात कोणी मिश्री लावत असेल, तर त्यांना रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी दिसू शकतं. त्यांच्याही फटी मोजून घ्या.