शाळेतील मुलांसोबत जपानी सण वर्षभर साजरे करावेत, की एकच ‘जपान दिन’ पुरेसा आहे?

एकाच दिवसात सगळे सण उरकणे मला मान्य नाही. फेब्रुवारीच्या कडाक्यात, सेत्सुबुनच्या सणाला, खिडकी उघडून ‘ओनी वा सोतो’ (राक्षसांनो, बाहेर व्हा) असे ओरडत भाजलेल्या सोयाबीनचे दाणे फेकण्याची गंमत सप्टेंबरच्या उकाड्यात येत नाही.

मी टोकियोत चार वर्षे गाकुदोमध्ये, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणाऱ्या वर्गात, मदतनीस होते. तिथला एक तानाबाता अजून माझ्या मनातून जात नाही. जपानने १८७३ साली दिनदर्शिका बदलली आणि पावसाळा सरल्यावर येणारा हा ताऱ्यांचा सण ७ जुलैला, ऐन पावसात येऊ लागला. सेंदाईला तो आजही ६ ते ८ ऑगस्टला करतात. त्या दमट दुपारी पहिलीतल्या एका मुलाने निळ्या तान्झाकूवर, म्हणजे इच्छा लिहून बांबूला बांधायच्या कागदी पट्टीवर, लिहिले, ‘आईची रात्रपाळी बंद होऊ दे.’ त्यातले ‘यो’ हे जपानी अक्षर आरशात दिसावे तसे उलटे होते. आमच्या ज्येष्ठ बाईंनी, पालक वाचतील म्हणून, त्याला ते खोडायला लावले. त्याने खोडरबर इतके घासले की कागदाला भोक पडले. मग नव्या पट्टीवर त्यांनी त्याच्याकडून ‘मला पोहता येऊ दे’ असे सुवाच्य अक्षरात लिहून घेतले.

मी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी एदो काळाचा दाखला दिला: तेराकोयातील, म्हणजे त्या काळच्या लिहिणे-वाचणे शिकवणाऱ्या शाळांतील, मुले अक्षर सुधारावे म्हणूनच या पट्ट्या लिहीत असत. दाखला खरा आहे, पण ते मागणे मुलांनी ताऱ्यांकडे मागितलेले असे. बाईंनी ते बदलायचे नसते. तुम्ही बांबूला पट्ट्या बांधाल, तेव्हा कृपा करून त्या दुरुस्त करू नका. तानाबाताचे ते तारे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण. महाराष्ट्रात असाल, तर ढग सरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलांना ते दाखवा.

बाकी वर्षासाठी ३ मार्चच्या हिना बाहुल्या, ५ मेचे कोइनोबोरी (माशांच्या आकाराच्या कापडी पताका) आणि शरदातील चंद्रासाठी दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे) एवढे पुरे. सेत्सुबुनची तारीख मात्र आधी पाहून घ्या, कारण २०२१ आणि २०२५ साली तो ३ ऐवजी २ फेब्रुवारीला आला होता. भाजलेले सोयाबीन पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना खायला मुळीच देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकू शकतात, म्हणून जपानच्या ग्राहक व्यवहार विभागानेच तसा इशारा दिलेला आहे.

आणि एखाद्या पट्टीतून घरातील अडचण खरोखरच चारचौघांत उघड होत असेल, तर ती घडी घालून बांधता येते. त्या दुपारी मला हे सुचले नाही.