'तंत्रशाही' नव्हे, 'जाणतेशाही'

प्रश्न आलाय की जाणकारांच्या राज्याला, म्हणजे 'एपिस्टॉक्रसी'ला, मराठीत काय म्हणायचं आणि ते लोकशाहीपेक्षा योग्य ठरवता येतं का.

'तंत्रशाही' म्हणू नका, प्लीज! जो उठतो तो तेच म्हणतो. तंत्रशाही म्हणजे टेक्नोक्रसी, तिथे कारभार इंजिनियर-अर्थतज्ज्ञांकडे असतो, मग त्यांना नेमणारं सरकार लोकांनी निवडलेलं का असेना. इथे भांडण मताचंच आहे, ज्याला कळतं त्याला जास्त मतं, नाहीतर ज्याला कळत नाही त्याला एकही नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1861 मध्ये शिकलेल्यांना जादा मतं द्या असं मांडलं होतं, आणि ब्रिटनमध्ये पदवीधरांना युनिव्हर्सिटीच्या जागांसाठी वेगळं मत होतंच, ते 1948 च्या कायद्याने गेलं. मी 'जाणतेशाही' म्हणतो.

की लगेच भाषाशुद्धीवाले येतात, 'शाही' फारसी, परकं, 'लोकतंत्र'सारखं 'तंत्र' लावा. अहो, शाह म्हणजे जुन्या फारसीतला 'ख्शायथिय', इराणी सम्राट दारयवहूच्या (डरायसच्या) शिलालेखात तो स्वतःला 'राजांचा राजा' म्हणवतो तिथे हाच शब्द दोनदा येतो, त्याचंच पुढे शहेनशाह. धातू तोच जो वेदात 'क्षयति', सत्ता गाजवतो, म्हणून येतो आणि ज्याच्यातून आपलं क्षत्र, क्षत्रिय निघालं. क्षत्रचा इराणी भाऊ 'ख्शथ्र', म्हणजे राज्य, तो झिजत झिजत झाला 'शहर'! बुद्धिबळातला शहसुद्धा शाहच. आता सांगा परकं काय यात? तुमचं 'तंत्र' तर मुळात मागावरचा ताणा, सत्तेशी त्याची सोयरीक नंतरची.

माझं म्हणणं असं की 'शाही'त सत्ता आहे, अक्कल नाही. हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही, सगळीकडे कोणाचं चालतं एवढंच कळतं, त्याला काही समजतं का हे नाही. जाणतेशाहीवाले नेमके इथेच घसरतात, जाणत्याला जास्त कळतं हे दाखवतात आणि म्हणून त्याचं चालावं हे तसंच गृहीत धरतात. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड एस्टलंडचा आक्षेप हाच, तुझं बरोबर असेलही पण म्हणून तू साहेब कसा? जाणतेशाहीची बाजू घेणारा तत्त्वज्ञ जेसन ब्रेनन म्हणतो अडाण्यांच्या कारभाराखाली लोकांना का ठेवायचं, ते पटतंही थोडं, पण मग परीक्षा घ्यावी लागणार. अमेरिकेच्या दक्षिणेत मतदारांची साक्षरता परीक्षा होती की, पास-नापास नोंदणी अधिकारी ठरवायचा आणि काळे लोक बरोबर नापास व्हायचे, 1965 च्या कायद्याने ती मोडावी लागली. तेव्हा योग्य-अयोग्य नंतर, आधी पेपर कोण तपासणार ते सांगा.