नळ सोडून बसतात

भांडुपहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. त्या लिहितात: “आमचे हे फौजेत 24 वर्षं होते. कारगिलला होते. हवालदार होऊन पेन्शनवर आले, आता बँकेत गनमन आहेत. एरवी सगळं ठीक. पण गणपतीत फटाके सुरू झाले की बाथरूममध्ये नळ सोडून बसतात. रात्री ओरडत उठतात. एकदा मी हलवून उठवायला गेले तर गळाच धरला. चार दिवस पदर मानेभोवती घेऊन फिरले. कॅन्टीनच्या रमचा महिन्याचा कोटा पंधरा तारखेलाच संपतो. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, मी काय येडा आहे? म्हणून मी घरात सगळ्यांना बजावलंय, कारगिलचा विषय काढायचा नाही. माझं काही चुकतंय का?”

ताई, आधी त्या गळ्याचं. झोपेत ओरडायला लागले तर हात लावू नका. पायाच्या बाजूला, दोन हात लांब उभ्या राहा, दिवा लावा, नावाने हाक मारा. तुम्ही नाव घेत नसाल तर या कामापुरतं घ्या. त्या क्षणी त्यांच्यासमोर तुम्ही नसताच.

मी डॉक्टर नाही, पत्रावरून निदान करणार नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं पीटीएसडीची, म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर मनात उरलेल्या आघाताची, असू शकतात. पहिल्या महायुद्धात याला शेलशॉक म्हणत. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे हा विषय ऐरणीवर आला आणि 1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी केलेल्या आजारांच्या यादीत हे नाव दाखल झालं. येडेपणाशी याचा संबंध नाही. डोंगरावर ज्या सावधपणाने माणूस जगला, तो सावधपणा भांडुपला आल्यावरही बंद होत नाही, एवढंच.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. विषय टाळण्यात तुमची माया आहे, पण हे दुखणं टाळण्यावरच पोसलं जातं. म्हणून आजचे खात्रीचे उपचार नेमके उलट्या दिशेने जातात. एका पद्धतीत माणूस प्रशिक्षित थेरपिस्टसमोर तो प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा सांगतो. त्याचं रेकॉर्डिंग होतं आणि ते घरी पुन्हा पुन्हा ऐकायचं असतं. पहिल्या खेपेला घाम फुटतो. हळूहळू ती आठवण, आठवणच राहते. दुसरीत साधारण 12 बैठका असतात आणि मनात रुतलेलं एखादं वाक्य घासून तपासलं जातं. “मी पुढे असतो तर तो वाचला असता,” असं काहीतरी. तिसरीत आठवण मनात धरून नजर डावीकडे-उजवीकडे फिरवायची. ऐकायला जादूटोण्यासारखं वाटतं, मलाही वाटलं होतं, पण 2023 च्या अमेरिकी लष्करी मार्गदर्शिकेत या तिन्ही पद्धतींना गोळ्यांच्या आधी जागा आहे. वर्षभर खेटे घालावे लागतात असंही नाही. अमेरिकी सैनिकांवरच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या पद्धतीच्या 10 बैठका दोन आठवड्यांत उरकल्या, तरी आठ आठवड्यांइतकाच गुण आला. पाव शतक उलटलं म्हणून उशीर झाला, असंही समजू नका.

गोळ्यांमध्ये सर्ट्रालीनसारखी औषधं काहींना उपयोगी पडतात. मात्र कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून झोपेच्या गोळ्या आणू नका. त्या जातीच्या गोळ्या या आजारात देऊ नयेत असंच ती मार्गदर्शिका सांगते, आणि वर रम असेल तर जिवाशी खेळ. व्हॉट्सअॅपवर या आजारावर एमडीएमए नावाच्या औषधाचे चमत्कार फिरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट 2024 मध्ये त्याला मान्यता नाकारली. तो विषय सोडा.

दारू आधी सोडा, मग डॉक्टर, हा हट्टही नको. दोन्ही सोबत होतं. रोजची असेल तर एका दिवसात तोडू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरच्या देखरेखीत कमी करायची.

आणि बंदूक. गनमन म्हणजे लायसन्सचं हत्यार बहुतेक घरीच असणार, त्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. सध्या ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा ठेवता येतं. मरणाची भाषा कधी तोंडून निघाली तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

त्यांची खरी भीती मला वाटतं वेगळी आहे. नोकरीत असताना मानसिक आजाराचं नाव काढलं की मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेतली तंदुरुस्तीची श्रेणी, खाली जाते, हे प्रत्येक फौजीच्या डोक्यात पक्कं असतं. आता कॅटेगरी उरली कुठे? पेन्शनलाही धक्का नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारासाठी पुढे पाठवतात. “झोप लागत नाही” एवढं कारण सांगून नेलंत तरी चालेल. नाहीच आले, तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला तुम्हीच फोन करा. मराठीत बोलतात, रात्री-अपरात्रीही उचलतात.

घरी मात्र तुम्ही थेरपिस्ट व्हायचं नाही. खोदून विचारू नका, विसर्जनाला ओढून नेऊ नका. फक्त ती बंदी उठवा. आज जेवताना सांगा: “त्या वेळचं काही बोलावंसं वाटलं तर मी ऐकेन, नाही वाटलं तरी चालेल.” आणि यंदा फटाके वाजले, नळ सुरू झाला, की दारावर थाप मारू नका. बाहेर स्टूल घेऊन बसा, मटार सोला, काहीही करा. तुम्ही तिथे आहात हे त्यांना आतून ऐकू येऊ द्या.